थर्मो लाकडावर पाणी थांबतं, मग ग्लू का धरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात रंकाळ्याकडच्या एका घराच्या पश्चिम गच्चीवर डेक (लाकडी फळ्यांची जमीन) करायला ‘थर्मो’, म्हणजे भट्टीत खूप तापवून भाजलेल्या, अ‍ॅशच्या फळ्या आणल्या, १४० मिलिमीटर रुंद आणि २५ जाड. पाणी ओतलं की मोत्यासारखे थेंब उभे राहतात, म्हणून सुताराचं म्हणणं, वरून काही लावायची गरज नाही. उरलेल्या फळ्या कडेला कड जोडून टेबलाचा माथा केला, तर पांढऱ्या ग्लूचा जोड दुसऱ्या दिवशी हातानेच उघडला. तुकड्यावर वॉटर-बेस पॉलिश मारून पाहिलं, तर ते जागोजाग मागे सरकलं आणि डोळे (पॉलिश न धरलेले गोल ठिपके) पडले. हे लाकूड वॉटरप्रूफ समजायचं की खराब?

दोन्ही नाही. हे लाकूड पाण्याला नाखूश झालेलं आहे, बाकीच्या द्रवांना नाही. पांढऱ्या ग्लूमध्ये जवळजवळ निम्मं पाणी असतं, वॉटर-बेस पॉलिशमध्ये त्याहून जास्त. गच्चीवर ज्या गुणाचं कौतुक वाटतंय, तोच गुण टेबलाच्या जोडात आड आला. आणि ‘थेंब उभा राहतो’ म्हणजे ‘पाणी आत जात नाही’ असं मात्र नाही. सुताराची चूक झाली ती इथे, आणि ती महागात पडू शकते.

आधी एक खात्री करून घ्या. ‘हीट ट्रीटेड’ हा शब्द बाजारात तीन अगदी वेगळ्या मालाला लावतात. पहिला, भट्टीत वाळवलेलं लाकूड. ५० ते ८० अंशांत फक्त ओल उतरवलेली असते. दुसरा, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत परदेशी यंत्रांबरोबर येणारं पॅकिंगचं लाकूड, ज्यावर ‘एचटी’ शिक्का असतो. त्याचा अर्थ एवढाच की आतल्या गाभ्याचं तापमान ५६ अंशांवर ३० मिनिटं राहिलं, म्हणजे किडे मेले. पाण्याशी वागण्यात या दोन्हींत सांगण्यासारखा फरक पडत नाही. तिसरा माल खरा थर्मो: ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या भट्टीत, बहुधा वाफेच्या आवरणात, १६० ते २३० अंशांपर्यंत नेलेलं लाकूड. फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात हे तंत्र कारखान्यात उतरलं. तिथल्या वर्गवारीत पाइनसारख्या लाकडाला १९० किंवा २१२ अंश आणि अ‍ॅशसारख्या रुंद पानांच्या झाडाच्या लाकडाला १८५ किंवा २०० अंश लागतात. पावतीवर किंवा गठ्ठ्यावर हा आकडा शोधा, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

आकडा मिळाला नाही तर फळी मधोमध कापा. खऱ्या थर्मो लाकडाचा तपकिरी रंग वरून आतपर्यंत सारखा असतो, आणि कापताना काकवीसारखा, किंचित धुरकट वास येतो. वर तपकिरी आणि आत पांढरट निघालं तर ते रंगवलेलं लाकूड आहे.

काकवीची आठवण उगाच येत नाही. गुऱ्हाळात काहिलीतला रस तापून काळपटतो, कारण साखर उष्णतेने तुटते. लाकडाच्या पेशीच्या भिंतीत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असं तिघांचं बांधकाम असतं. त्यातलं हेमिसेल्युलोज ही साखरेचीच, पण कच्च्या बांधणीची साखळी, आणि उष्णतेला सगळ्यांत आधी तीच हार मानते. पाण्याला धरून ठेवणारे जे हायड्रॉक्सिल गट असतात ते तिच्यावर भरपूर आणि मोकळे असतात. ती तुटली की पाण्याला धरायला हात कमी होतात. त्याच वेळी लिग्निन मऊ होऊन पुन्हा घट्ट जुळतं, आणि सेल्युलोजचा स्फटिकासारखा रचलेला भाग प्रमाणात वाढतो. तिथेही पाण्याला शिरकाव नाही. हेमिसेल्युलोज तुटताना अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, सुटतं आणि थोडं लाकडात राहतं. हे लक्षात ठेवा, स्क्रूच्या वेळी त्याची गरज पडेल.

परिणाम दोन, आणि त्यांची गल्लत होते म्हणून ते वेगळे ठेवा. पहिला पृष्ठभागाचा. साध्या लाकडावर ठेवलेला थेंब बसका होऊन पसरतो. थर्मो लाकडावर थेंबाची कड लाकडाशी ९० अंशांच्या आसपास कोन करून उभी राहते. दुसरा आतला. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना साधं लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास ओल धरतं. नीट भाजलेलं लाकूड त्याच्या निम्म्याच्या आसपास थांबतं, म्हणून फुगतं-आकसतंही कमी. पहिला गुण ऊन-पावसात विरून जातो. दुसरा टिकतो. तुमच्या पैशाची खरी किंमत दुसऱ्यात आहे.

आता द्रवांकडे या. एखादा द्रव लाकडावर पसरेल की गोळा होईल, हे लाकडाइतकंच त्या द्रवाच्या पृष्ठताणावर, म्हणजे थेंबाला गोळा धरून ठेवणाऱ्या ओढीवर, ठरतं. पाण्याचा पृष्ठताण खोलीच्या तापमानाला सुमारे ७३ मिलिन्यूटन प्रति मीटर आहे, द्रवांमध्ये बराच चढा. स्पिरिटचा २२ च्या आसपास, टर्पेंटाईनचा २७ च्या आसपास, जवसाच्या तेलाचा तिशीच्या थोडा वर. त्यामुळे ज्या फळीवर पाण्याचा मोती होतो, त्याच फळीवर टर्पेंटाईनचा थेंब क्षणात पसरून शोषला जातो. करून पाहा, दोन थेंब शेजारी शेजारी ठेवा. तेल, स्पिरिटमधली लाख, थिनरवरचं पॉलिश, इपॉक्सी या सगळ्यांना हे लाकूड साध्या लाकडासारखंच वाटतं. अडचण येते ती पाण्यावर चालणाऱ्या मालाला.

इथे सागवानावर हात बसलेले सुतार हटकून एक चूक करतात. सागवानही ग्लू नीट धरत नाही, त्यावर त्यांचा उपाय थिनरने पुसून घेण्याचा, आणि तिथे तो बरोबर आहे. सागवानात अडवणारं तेल असतं, ते पुसता येतं. थर्मो लाकडात अडवणारी गोष्ट वर लागलेली नाही, भिंतच बदललेली आहे. थिनरने ती बदलत नाही. पुसण्याचा उपयोग एवढाच की हाताचं तेल किंवा मेण लागलं असेल तर निघेल.

मग तुमच्या तुकड्यावर नेमकं कशामुळे डोळे पडले? फळीचा एक भाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासा, धूळ कोरड्या ब्रशने काढा, शेजारचा भाग तसाच ठेवा. ड्रॉपरने दोन्हीकडे चार-चार थेंब टाका आणि मिनिटभर बघत राहा. घासलेल्या भागावर थेंब लवकर बसका झाला आणि न घासलेल्यावर उभा राहिला, तर पृष्ठभाग शिळा झालेला आहे. भाजताना लाकडातले राळेसारखे पदार्थ वर येऊन बसतात, आणि रंधा मारून महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या कुठल्याही फळीचंही असंच होतं. घासणं हाच उपाय. दोन्हीकडे सगळेच थेंब सारखे उभे राहिले तर ती भाजण्याची करामत आहे, आणि लाकूड बरंच वरच्या तापमानाचं आहे. काही थेंब पसरले, काही गोळा झाले, तर कुठेतरी मेण, तेल किंवा सिलिकॉन लागलंय. गाड्यांना चमक आणायचा स्प्रे त्याच खोलीत मारला तरी एवढं होतं. तुमचं पॉलिश ‘जागोजाग’ सरकलं असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला हे तिसरं कारण जास्त संभवतं. पण थेंबाची चाचणी केल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

रंध्याच्या पात्याबद्दलही सांगायला हवं. बोथट पातं लाकूड कापत नाही, दाबून चकचकीत करतं. पेशींची तोंडं मिटतात, आणि आधीच नाखूश असलेला पृष्ठभाग काचेसारखा होतो. थर्मो लाकूड ठिसूळ असल्याने पातं नवं, धारदार हवं. हाताला फार गुळगुळीत लागणारी कड ग्लूसाठी चांगली कड नसते. या लाकडाची धूळ साध्या लाकडापेक्षा बारीक आणि कोरडी उडते, मास्क लावल्याशिवाय घासू नका.

आता जोड. पांढरा ग्लू सुकतो म्हणजे त्यातलं पाणी दोन्ही बाजूंच्या लाकडात ओढलं जातं आणि राहिलेले प्लास्टिकचे कण एकमेकांत मिसळून पापुद्रा बनतो. साधं लाकूड हे पाणी भराभर ओढतं, म्हणून तासाभरात क्लॅम्प काढला तरी चालून जातं. थर्मो लाकूड पाणी सावकाश घेतं. तासाभराने तुमच्या जोडात ग्लू ओलाच असणार. त्यात क्लॅम्प सवयीप्रमाणे कचकचून आवळला असेल तर पातळ ग्लू बाहेर पिळला गेला, आत जेमतेम राहिला. बाहेर ओघळलेला ग्लू पाहून माणसाला वाटतं, भरपूर लागलाय. उघडलेल्या जोडाचं तोंड बघा. लाकडाचे तंतू ओढले गेलेले दिसत नसतील आणि ग्लूचा पातळ, चमकदार थर एकाच बाजूला राहिला असेल, तर हेच झालंय.

पुन्हा करायचं तर कडा त्याच दिवशी रंधून किंवा घासून घ्या, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. ग्लू पाण्याला टिकणारा, घट्ट प्रतीचा घ्या. पातळ करण्यासाठी त्यात पाणी अजिबात घालू नका. दोन्ही कडांना लावा, एकाच कडेला लावून दुसरी तिच्यावर टेकवू नका, कारण कोरड्या बाजूला ग्लू स्वतःहून भिजवत नाही. ब्रशने चोळून बसवा. प्रमाण चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम. तुमची फळी १२०० मिलिमीटर लांब धरली तर २५ मिलिमीटर जाडीच्या एका जोडाला दोन्ही कडा मिळून ५-६ ग्रॅम होतात, चहाच्या चमच्याएवढे. दोन-तीन मिनिटं उघडं ठेवा, मग जोडा. क्लॅम्प जोड मिटून ग्लूचे बारीक मणी दिसेपर्यंतच आवळा, खाली लाकडी पट्ट्या ठेवा, कारण हे लाकूड दाबाखाली चिरडतं. रात्रभर क्लॅम्पमध्ये राहू दे, आणि रंधा किंवा करवत २४ तासांनी. श्रावणातल्या दमट हवेत करत असाल तर हा वेळ दुप्पट धरा.

पीयू (पॉलीयुरेथेन) ग्लू वापरायचा असेल तर अडचण उलटी होते. तो हवेतली आणि लाकडातली ओल घेऊन घट्ट होतो, आणि इथे लाकूड फारच कोरडं. एका कडेवर स्प्रेच्या बाटलीतून हलका शिडकावा करा, ओलसर दिसेल इतकाच, थेंब राहता कामा नयेत. ग्लू दुसऱ्या कडेवर लावा. इपॉक्सीला पाण्याशी देणंघेणं नाही, म्हणून कमी काळजीत चांगला जोड तिचाच होतो, फक्त क्लॅम्प हलका. गच्चीवर उघड्यावर राहणाऱ्या टेबलाला माझी पसंती इपॉक्सीला. घरातल्या टेबलाला चांगला पांढरा ग्लू पुरेसा आहे.

जोड तपासायला एक टाकाऊ तुकडा जोडून दोन दिवसांनी हातोडीने फोडा. साध्या लाकडात जोडाऐवजी लाकूड फुटलं की आपण समाधान मानतो. थर्मो लाकडात तेवढ्याने मानू नका. ते मुळातच कमजोर झालेलं असतं, वाकवण्याची ताकद १० ते ३० टक्क्यांनी घटते, तेव्हा ते स्वस्तातही फुटतं. फुटलेल्या तोंडावर जोडाच्या सगळ्या लांबीभर लाकडाचे तंतू चिकटलेले दिसायला हवेत.

टेबलाच्या माथ्याचं पॉलिश सोपं आहे. घरात राहणार असेल तर आधी लाखेचा एक पातळ हात द्या: लिटरभर स्पिरिटमध्ये मेण काढलेली लाख १२० ग्रॅम. स्पिरिटचा पृष्ठताण कमी म्हणून तो सगळीकडे बसतो, आणि त्यावर वॉटर-बेस पॉलिश डोळे न पाडता पसरतं. लाख मेण काढलेलीच हवी, साध्या लाखेतलं मेण वरचा थर सोडवतं. वॉटर-बेसचा पहिला हात अगदी पातळ, आणि दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलाय त्याच्या दीडपट तरी. थिनरवरचं पीयू पॉलिश मारणार असाल तर लाखेची गरज नाही.

डेकवर मात्र लाख नको, वॉर्निशही नको. आणि सुतार म्हणतो तसं कोरडंही सोडू नका. याची कारणं सांगतो, कारण प्रश्नातला सगळ्यांत मोठा धोका हाच आहे.

थेंब उभा राहतो ते लाकडाच्या सपाट तोंडावर. फळीच्या कापलेल्या टोकांना मात्र हजारो बारीक नळ्यांची तोंडं उघडी असतात, आणि अ‍ॅशमध्ये त्या नळ्या डोळ्यांनाही दिसतात. नळीत पाणी आपोआप ओढलं जाईल की बाहेर ढकललं जाईल, हे त्याच कोनावर ठरतं. कोन ९० च्या वर असेल तर पाणी अडतं, खाली असेल तर चढतं. थर्मो लाकडाचा कोन या सीमेच्या आसपासच घुटमळतो, काही जागी वर, काही जागी खाली. त्यामुळे टोकाशी पाणी दहा मिनिटं साचलं तर फारसं जाणार नाही, पण आषाढात आठ-आठ दिवस उघडीप नसताना सावकाश जातच राहतं. स्क्रूची भोकं हीसुद्धा अशीच दारं. प्रत्येक टोकाला बसवण्याआधी तेलाचे तीन हात किंवा इपॉक्सीचा एक हात द्या, आणि जागेवर कापलेल्या प्रत्येक नव्या टोकालाही तेच. यात कंटाळा केला की डेक टोकांकडून काळा पडायला लागतो.

दुसरं कारण ऊन. पश्चिमेचं ऊन लिग्निन तोडतं, पाऊस ते धुऊन नेतो, आणि वर राखाडी, पाणी पिणारे तंतू उरतात. आज मोती करणारी फळी एका पावसाळ्यानंतर वरवर साध्या लाकडासारखी ओली होते. आत ती अजून थर्मोच आहे, कमीच फुगेल. फक्त वरचा मिलिमीटरचा अंश गेलाय. रंगद्रव्य असलेलं डेक ऑइल उन्हाला अडवतं. बिनरंगी तेल जवळजवळ अडवत नाही, तपकिरी रंग टिकवायचा असेल तर त्याच्यावर पैसे घालवू नका. १२० नंबरने घासून पहिला हात सढळ द्या, १५-२० मिनिटांनी न शोषलेलं कापडाने पूर्ण पुसा, दुसऱ्या दिवशी दुसरा हात पातळ. पुसलं नाही तर वर चिकट थर राहतो आणि धूळ धरतो. तेलाने भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेतो. मोकळे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

डेक साबणाच्या पाण्याने धुण्याची सवय असेल तर ती सोडा. साबण पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली आणतो, म्हणजे जे पाणी लाकडावर उभं राहत होतं तेच आत जायला मोकळं होतं. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. काळी बुरशी वर येईल, तीही याच ब्रशने निघते. भाजण्याने लाकूड कुजायला अवघड होतं, वरच्या बुरशीला नाही.

वाळवीला तर हे लाकूड अजिबात अडवत नाही, आणि मातीला टेकून ठेवण्यासाठीही ते नाही. गच्चीवर हा प्रश्न कमी, पण कुंड्यांची माती फळ्यांवर साचू देऊ नका. खालच्या रिपा ४०० मिलिमीटरपेक्षा लांब अंतरावर नकोत.

फळ्यांमधली फट ५ मिलिमीटर ठेवा. हिशोब असा: साधी सपाट चिरलेली अ‍ॅश ओल १ टक्क्याने बदलली की रुंदीत पाव टक्क्याच्या आसपास हलते. एप्रिल ते ऑगस्ट आपल्याकडे १० टक्क्यांचा फरक धरला तर १४० मिलिमीटरची फळी साडेतीन मिलिमीटर फुगेल. थर्मो त्याच्या निम्मं, पावणेदोन. उरलेली फट पाणी आणि पालापाचोळा निघून जायला.

स्क्रू स्टेनलेसचेच, ३०४ ग्रेडचे चालतील. साध्या किंवा पिवळ्या मुलाम्याच्या स्क्रूला लाकडात उरलेलं ते आम्ल गंजवतं आणि भोवती काळे डाग उमटतात, जे घासून जात नाहीत. भोक आधी ड्रिल करा, टोकापासून किमान ५० मिलिमीटर आत, नाहीतर फळी चिरते. ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र या लाकडावर चुकीचा आकडा दाखवतं, त्यावरून फळी ‘ओली’ ठरवून दुकानदाराशी वाद घालू नका.

घरच्या ओव्हनमध्ये किंवा हीट गनने साधी फळी ‘थर्मो’ करून पाहण्याचा विचार काही जण करतात. करू नका. हवेतल्या ऑक्सिजनमध्ये २०० अंशांना लाकूड आतून नीट भाजत नाही, वरून करपतं, धुमसतं आणि पेटूही शकतं.

वेळेचं म्हणाल तर तेल आणि टोकांचं काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरका, म्हणजे वळवाच्या सरींआधी तेल पुरतं वाळेल. ते जमलं नाही आणि पाऊस लागला, तर फळ्या घरात रिपांवर रचून ठेवा, मधे हवा खेळेल अशा, आणि डेक दिवाळीनंतर बसवा. टेबलाचा जोड मात्र या आठवड्यातही करता येईल. तुटलेल्या कडांवरचा जुना ग्लू करवतीने दोन मिलिमीटर कापून काढा. घासून तो जात नाही, आणि त्याच्यावर नवा ग्लू धरत नाही.